थंडींतील सायकल आणि अंगावरील कपडे



थंडीच्या दिवसांत सायकलवरून कामाला किंवा शाळेला जाणाऱ्या माणसानें अंगांत काय घालावें, एवढ्याशा गोष्टीसाठीं नभोवाणीचीं वीस मिनिटें खर्च करावींत काय, असा प्रश्न गोधडींत बसून हें भाषण ऐकणाऱ्या श्रोत्यांच्या मनांत आल्यास मला त्याचें नवल वाटणार नाहीं. गोधडींत बसलेल्या माणसाला हा विषय किरकोळच वाटावयाचा. परंतु सकाळच्या या वेळीं कोणी दुधाचे कॅन अडकवून, कोणी वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधून, कोणी कारखान्याची पहिली पाळी गांठण्यासाठीं, तर कोणी पाठीला दप्तर लावून सायकल मारीत असतो. त्यांच्याजवळ मोटार नाहीं, एस्. टी. त्यांच्या वेळेला येत नाहीं, आणि पायीं जावें तर अंतर फार. मीहि या मंडळींपैकींच एक. तीस वर्षांहून अधिक काळ मीं निफाड तालुक्यांत मास्तरकी केली आणि त्यांतील बहुतेक वर्षें घरापासून शाळेपर्यंतची दोन कोसांची वाट सायकलनें तुडविली.

निफाड हें नांव हिंवाळ्यांत वर्तमानपत्रांतून वारंवार वाचण्यांत येतें. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या कांठचा हा सपाट मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंच आहे. म्हणजे तो कांहीं हिमालय नव्हे. तरीहि महाराष्ट्रांतील नीचतम तपमानाचे आंकडे वरचेवर आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रांतून येतात. २०१८ सालच्या डिसेंबरअखेर तेथें १.८ अंश सेल्सिअसची नोंद झाली. तुलनेसाठीं सांगतों, पुण्याची प्रसिद्ध नोंद १७ जानेवारी १९३५ या दिवसाची, १.७ अंशांची आहे. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि रात्र मोठी असली म्हणजे जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडून देते. तिच्यालगतची हवा गार होते, गार झाल्यामुळें जड होते, आणि नदीकांठच्या सखल भागांत साचून राहते. पारा सर्वांत खालीं जातो तो सूर्योदयाच्या सुमारास. त्या घटकेला द्राक्षबागाईतदार बागेंत शेकोट्या पेटवून बसलेले असतात. थंडीनें द्राक्षाचे मणी तडकूं नयेत म्हणून हा खटाटोप. द्राक्षांची अशी निगा राखणाऱ्या आमच्या तालुक्यांत त्याच घटकेला शाळेच्या रस्त्यावर असलेल्या मुलांच्या बोटांची निगा कोणी राखावी, हा प्रश्न मला नोकरीभर पडत आला आहे आणि आजच्या भाषणाचें निमित्तहि तोच आहे.

घराच्या ओट्यावर उभें राहिलें असतां वाजते ती थंडी निराळी आणि सायकलवर वाजते ती निराळी. आपल्या कातडीला लागून ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा नसला म्हणजे तो जागच्या जागीं राहतो आणि पांघरुणासारखा उपयोगी पडतो. सायकल चालूं लागली कीं समोरची हवा हा थर क्षणोक्षणीं पुसून नेते. पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल या अमेरिकन संशोधकांनीं १९४०-४१ च्या सुमारास दक्षिण ध्रुवाकडील आपल्या मुक्कामांत हा प्रकार मोजून पाहिला. त्यांनीं प्लॅस्टिकच्या नळकांड्यांत पाणी भरून तीं उघड्यावर टांगलीं आणि वाऱ्याच्या निरनिराळ्या वेगांत पाणी गोठावयास किती वेळ लागतो याची टिपणें ठेवलीं. त्यांवरून वाऱ्यामुळें भासणाऱ्या थंडीचें एक गणित तयार झालें. अमेरिका आणि कॅनडा या देशांनीं २००१ सालीं तें सुधारून घेतलें. या सुधारलेल्या गणिताप्रमाणें ५ अंश तपमानांत ताशीं १५ किलोमीटर वेगाचा वारा उघड्या चेहऱ्याला सुमारें २ अंशांसारखा लागतो. ताशीं १५ किलोमीटर ही सायकलवाल्याची रोजचीच चाल. म्हणजे पान हालत नाहीं अशा पहाटेहि तो आपला वारा आपणच उत्पन्न करीत असतो. आणि हा वारा नेहमीं समोरूनच येतो. छाती, गुडघे, हातांचीं बोटें व चेहरा हीं त्याच्या वाटेंत येतात. पाठीचें त्याच्याशीं कांहीं भांडण नसतें. म्हणून सायकलवाल्याचा पोशाख पुढून जाड आणि मागून पातळ असावयास हवा. असा पोशाख कोणताहि शिंपी आपणहून शिवून देत नाहीं, तेव्हां तो ज्याचा त्यानेंच जुळविला पाहिजे.

आतां याच्या उलट बाजू. सायकल मारणारा माणूस म्हणजे पेटलेली शेगडी होय. आपले स्नायु जी शक्ति खर्च करतात तिचा जेमतेम चौथा हिस्सा पायडल फिरविण्याच्या कामीं लागतो. उरलेले तीन हिस्से उष्णतेच्या रूपानें अंगांत राहतात. त्यामुळें पहिल्या पांच मिनिटांत कुडकुडणारा माणूस पंधराव्या मिनिटाला घामानें निथळूं लागतो. घरच्या मंडळींनीं मायेनें चढविलेले दोन स्वेटर आणि त्यांवरची शाल यांचा मग जाच होतो. घाम सुती गंजींत व सदऱ्यांत मुरतो. सूत घाम पितें, पण लवकर सोडीत नाहीं. ओलें झालेलें कापड हवेच्या जागीं पाणी अंगाशीं धरून बसतें, आणि पाणी तर हवेच्या सुमारें पंचवीस पटींनीं उष्णता ओढून नेतें. सायकल चालू असेपर्यंत शेगडी पेटलेली असते, म्हणून हें कळत नाहीं. मुलगा शाळेंत पोहोंचतो, गार फरशीवर बसतो, शेगडी विझते, आणि मग ओली गंजी आपलें काम सुरू करते. पहिल्या तासाला दांतावर दांत वाजविणारीं मुलें पुष्कळ वेळां आपल्याच घामानें कांपत असतात.

यावरून एक साधा नियम निघतो. दारांतून बाहेर पडतांना अंगाला थोडी थंडी वाजली पाहिजे. ओट्यावर उभें राहून सुखाची ऊब वाटत असेल तर एक कपडा अधिक झाला आहे असें समजावें आणि तो काढून पिशवींत ठेवावा. हा नियम सांगावयास सोपा व पाळावयास फार कठीण आहे, कारण त्याच्या आड आई येते. डिसेंबरच्या पहाटे लेकराला एकाच स्वेटरवर घराबाहेर धाडणें कोणत्याहि आईच्या जिवावर येतें, आणि तें स्वाभाविकच आहे. पालकांच्या सभेंत मी सांगत असें कीं, ताई, दुसरा स्वेटर अवश्य द्या, पण तो दप्तरांत द्या. पोरगा शाळेंत पोहोंचल्यावर घालील. एवढी तडजोड बहुतेकींना पटत असे. त्याच दप्तरांत एक कोरडी गंजी टाकली तर सोन्याहून पिवळें. शाळेंत पोहोंचतांच ओली गंजी काढावी, कोरडी घालावी आणि मग स्वेटर. या अदलाबदलीला दोन मिनिटें लागतात. तीं दोन मिनिटें देण्याची तयारी मात्र मास्तरांचीहि असावी लागते.

कापडाविषयीं आतां थोडें सविस्तर बोलतों. लोंकरीचा गुण असा कीं, ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटांत घेऊनहि हाताला ओली लागत नाहीं, आणि ओल शोषून घेतांना उलट थोडी उष्णताच बाहेर टाकते. तिचे तंतु कुरळे असतात; त्यांच्या गुंत्यांत हवा अडकून राहते. आमच्या धनगरांना हें ज्ञान कोणत्याहि प्रयोगशाळेवांचून झालेलें होतें. दख्खनी मेंढीच्या लोंकरीची घोंगडी पावसांत भिजून जड होते, तरी तिच्या आंत बसलेला मेंढपाळ उबेंत असतो. घोंगडी पांघरून सायकल चालवितां येत नाहीं हें उघड आहे, पण जुन्या घोंगडीचा तुकडा किती कामाला येतो तें मी पुढें सांगणार आहें. बाजारांत स्वेटर म्हणून आज जें मिळतें तें बहुतांशीं ॲक्रिलिक नांवाच्या कृत्रिम धाग्याचें असतें. लोंकरीचा गुण त्यांत नाहीं. पण तें ओल फारशी पीत नाहीं व लवकर वाळतें, म्हणून त्याची हेटाळणी करण्याचें कारण नाहीं. त्यांतून वारा मात्र चाळणींतून जावा तसा जातो.

अंगालगत काय असावें, याविषयीं माझें मत ठाम आहे. आपल्याकडे उन्हाळ्यांत घालतात ती जाळीची गंजी थंडींत घालावी. हें ऐकून पुष्कळांना हसूं येतें. परंतु १९३३ सालीं नॉर्वेच्या सैन्यांतील हेन्रिक ब्रुन या अधिकाऱ्यानें मासे धरण्याच्या जुन्या जाळ्यांपासून अशीच गंजी बनविली होती, आणि १९५३ सालीं एव्हरेस्टवर गेलेल्या तुकडींतहि जाळीच्या गंज्या वापरल्या गेल्या. वर दाट कापड असलें म्हणजे जाळीच्या छिद्रांत हवा कोंडून राहते आणि तीच ऊब देते. शिवाय अंगाला चिकटणारें कापड थोडें, म्हणून घामाला मुरावयास जागाहि थोडी. उन्हाळ्यांत तिच्यावर दाट कांहीं नसतें, म्हणून तीच गंजी गार वाटते.

एकावर एक पातळ कपडे घालण्याची रीतहि नवी नव्हे. जॉर्ज मॅलरी हा इंग्लंडांत चार्टरहाउस येथील शाळेंत शिक्षक होता, म्हणजे आमच्याच धंद्यांतला. १९२४ सालीं तो एव्हरेस्टवर गेला तो परतला नाहीं. १९९९ सालीं त्याचें शव सांपडलें. अंगावर रेशीम, सूत व लोंकर यांचे कित्येक पातळ थर आणि वर वारा अडविणारें गॅबर्डीन, असा त्याचा पोशाख होता. २००६ सालीं तसेच कपडे नव्यानें शिवून हिमालयांत वापरून पाहण्यांत आले, तेव्हां ते हलके आणि हालचालीला सोयीचे ठरले. आपल्याला एव्हरेस्टवर जावयाचें नसून लासलगांवला किंवा पिंपळगांवला जावयाचें आहे, तेव्हां तीन थर पुष्कळ झाले: आंत जाळीची गंजी, तिच्यावर एक स्वेटर, आणि छातीवर वारा अडविणारें कांहींतरी.

हें कांहींतरी म्हणजे काय? दुकानांतील प्लॅस्टिकचें जर्किन वारा पुरता अडवितें, पण घामहि पुरताच अडवितें. तें घालावयाचेंच तर उलटें घालावें. त्याची पाठ आपल्या छातीवर यावी आणि चेन मागें अर्धवट उघडी राहावी. आमच्याकडील दूधवाले जुना शर्ट असाच उलटा चढवून जातात व शहरांतून आलेले पाहुणे त्यांना हसतात. हसणाऱ्यांनीं एकदां सकाळीं सहाला दोन कोस जाऊन पाहावें. याहूनहि स्वस्त साधन म्हणजे वर्तमानपत्र. चार पानांची घडी करून ती स्वेटरच्या आंत छातीपासून पोटापर्यंत सरकवावी. फ्रान्समधील टूर द फ्रान्स या सुप्रसिद्ध सायकल-शर्यतींत घाटमाथ्यावर पोहोंचलेले स्वार उतारावर सुटण्यापूर्वीं रस्त्याकडेच्या लोकांकडून वर्तमानपत्र घेऊन अंगरख्याच्या आंत कोंबीत आले आहेत. कागद वारा थोपवितो, थोडी ओल पितो, आणि काम झाल्यावर टाकून देतां येतो. माझे एक सहशिक्षक यासाठीं अग्रलेखाचें पान राखून ठेवीत असत. त्या पानाचा दुसरा कांहीं उपयोग त्यांना आढळला नव्हता.

छाती राखली म्हणजे अर्धें काम झालें. खरी अडचण हातांची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलें जातें.

थंडी वाढली म्हणजे शरीर छातींतील व पोटांतील इंद्रियांना ऊब राखण्यासाठीं हातापायांकडे जाणारें रक्त आंखडतें घेतें. बोटें आधींच बारीक, त्यांत ऊब निर्माण करणारे स्नायु जवळजवळ नाहींतच. सायकलवर पायांना काम असतें. हात मात्र सर्वांत पुढें, वाऱ्यांत, हालचाल न करतां, लोखंडाला धरून बसलेले. बोटांच्या कातडीचें तपमान सुमारें १५ अंशांच्या खालीं गेलें कीं बोटांचें कसब झपाट्यानें कमी होतें. शाळेंत पोहोंचल्यावर अशा मुलाला सदऱ्याची गुंडी लावतां येत नाहीं कीं पेन धरतां येत नाहीं, हें कोणत्याहि शिक्षकानें पाहिलेलें असतें. पण तीं बोटें शाळेंत पोहोंचण्याआधीं ब्रेकवर होतीं, हा विचार आपण करीत नाहीं.

मी नोकरींत असतांना आठवीच्या वर्गांतील एक मुलगी वस्तीवरून शाळेला येत असे. जानेवारींतल्या एका सकाळीं चारीच्या अरुंद पुलाशीं तिच्यासमोर उसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर तिला लांबून दिसला होता, ब्रेक दाबावयाचा हेंहि तिला कळलें होतें. पण बोटें मिटेनात. तिनें सायकल सरळ चारींत घातली. गुडघा फुटला, दप्तर भिजलें, आणि तेवढ्यावर निभावलें. घरच्यांनीं त्या दिवसापासून थंडी सरेपर्यंत तिला शाळेंत धाडलें नाहीं. एक महिन्याहून अधिक काळ ती घरीं बसली. सहामाहीला वर्गांत तिसरी आलेली मुलगी त्या वर्षीं गणितांत जी मागें पडली ती पडलीच. तिच्या वडिलांना दोष देण्याची माझी तयारी नाहीं. उघड्या हातांनीं तिला पुन्हां त्या पुलावर पाठविणें त्यांना धोक्याचें वाटलें, आणि हातमोजे ही वस्तु त्यांच्या घरांत पूर्वीं कोणी विकत आणलेली नव्हती.

त्यानंतर आम्हीं शाळेंत या प्रश्नाला जरा नेटानें हात घातला. विकतचे हातमोजे सर्वांना परवडत नसत. म्हणून घरांत जें सांपडेल त्यावर भिस्त ठेवली. जुना जाड पायमोजा हातांत चढविणें ही पहिली पायरी. यांत चारी बोटें एकत्र राहून एकमेकांना ऊब देतात. पांच बोटांचा मोजा दिसावयास डौलदार असतो, पण त्यांत प्रत्येक बोट एकटें पडतें. पायमोजाला मधून शिवण घालून अंगठ्याचा एक, पहिल्या दोन बोटांचा एक व उरलेल्या दोहोंचा एक असे तीन कप्पे केले तर ब्रेक धरण्याचीहि सोय होते. मुलींनीं हें काम फार लवकर उचललें. मुलें सुईला बोट लावीनात, मग त्यांना आयांनीं शिवून दिले. अशा मोज्यांतून वारा जातो, यास्तव एकावर एक दोन मोजे घालून त्यांच्या मधें दुधाची धुतलेली रिकामी पिशवी ठेवावी. पिशवी सर्वांत वर घालूं नये, मूठ निसटते.

दुसरा उपाय जुन्या घोंगडीचा. तिचा हातभर तुकडा घेऊन हँडलची मूठ आणि ब्रेकची दांडी यांवर बसेल अशी खोळ शिवावी, आंतून रेक्झिनचें अस्तर द्यावें, आणि स्वाराकडील तोंड उघडें ठेवावें. तींत हात सरकविला कीं वारा लागतच नाहीं. पातळ मोजा असला तरी पुरतो. अतिथंड देशांतले सायकलवाले अशाच खोळी दाम देऊन विकत घेतात. खोळ सैल मात्र हवी. सायकल कलंडली असतां हात एका झटक्यांत बाहेर निघाला पाहिजे. तो अडकेल अशी घट्ट खोळ असण्यापेक्षां नसलेली बरी. तिसरी गोष्ट अगदींच लहान आहे. ब्रेकच्या लोखंडी दांडीवर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घ्यावी. लोखंड बोटांची ऊब भराभर ओढून घेतें, रबर तितक्या वेगानें घेत नाहीं. सायकल दुरुस्त करणारा हें काम पंक्चर काढतां काढतां करून देतो व बहुधा पैसेहि घेत नाहीं. जातां जातां मनगटाचेंहि सांगतों. स्वेटरची बाही आणि मोजा यांच्या मधें चार बोटें फट राहिली तर सारा खटाटोप फुकट. तेथें रक्तवाहिन्या कातडीच्या अगदीं जवळ असतात.

गुडघ्यांचा विषय थोडक्यांत आटोपतों. गुडघ्यावर मांस नाहीं, चरबी नाहीं, आणि दर फेरीला तो वाऱ्याच्या तोंडीं जातो. फाटक्या स्वेटरच्या बाह्या कापून त्या गुडघ्यांवर चढवाव्या. विजारीच्या किंवा सलवारीच्या आंत त्या कोणाला दिसतहि नाहींत. आमचे सेवानिवृत्त सोबती आज गुडघ्यांना हात लावून चालतात, त्यांना मी हें फार उशिरां सांगत आहें. पायांच्या बाबतींत लोक घट्ट बुटांत दोन-दोन मोजे कोंबतात. त्यानें पाय दाबला जाऊन रक्त कमी फिरतें व बोटें अधिकच गार पडतात. सैल बुटांत एकच जाड मोजा आणि तळाला कागदाची घडी, हें त्याहून चांगलें. ज्यांच्या पायांत चपलाच असतात त्यांनीं मोज्यावर पिशवी चढवून मग चप्पल घालावी. दिसावयास तें विद्रूप दिसतें खरें.

कानांसाठीं कानटोपी उत्तम. मात्र ती विणीची व सैल असावी, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकूं येतो. कानांत बोळे घालून वर घट्ट मफलर आवळणाऱ्यांना तो ऐकूं येत नाहीं, आणि आतां तर त्याच्याहि आंत गाणीं ऐकण्याचीं यंत्रें असतात! चष्मा वापरणाऱ्यांनीं नाकावरून फडकें घेऊं नये, कांचा धुरकटतात. तें नाकाच्या खालीं, हनुवटीवरून घ्यावें. मफलर, ओढणी व पदर यांचीं टोकें कधींहि लोंबतीं ठेवूं नयेत. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १९२७ सालीं फ्रान्समधील नीस येथें गळ्यांतील लांब शाल मोटारीच्या चाकांत अडकून मृत्यु पावली. सायकलचें चाक तर ओढणीला त्याहून जवळ. टोकें छातीवर फुलीसारखीं घेऊन पाठीमागें गांठ मारावी, म्हणजे छातीवर एक थर अधिक होतो आणि चाकाचें भयहि राहत नाहीं.

धुक्याविषयीं एकच सांगावयाचें. नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूला पाण्यामुळें सकाळीं दाट धुकें उतरतें, आणि आमच्या लोकांची हिंवाळी शाल बहुधा काळी, तपकिरी किंवा गर्द निळी असते. मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसत नाहीं. पाठीवर पांढऱ्या धोतराचा तुकडा टांकून घ्यावा, त्यावर चमकणारी पट्टी चिकटविली तर फारच उत्तम.

हीं सर्व साधनें घरांतलीं, फुकटचीं किंवा अल्पमोलाचीं आहेत. मग तीं वापरण्यांत अडचण कोणती? माझ्या अनुभवानें सांगतों, पुष्कळदां अडचण शाळेच्या फाटकाशीं उभी असते. गणवेषाचा स्वेटर एकाच रंगाचा, एकाच दुकानांतला. एका शाळेंत मीं असें पाहिलें आहे कीं, वेगळ्या रंगाची कानटोपी घातलेल्या मुलांना फाटकांत उभें करून ती काढावयास लावीत, आणि ज्या मुलीनें स्कर्टखालीं विजार घातली तिला शिस्तीचा भंग केला म्हणून वर्गाबाहेर ठेवीत. तीन मैल सायकल मारून आलेल्या मुलीला गार व्हरांड्यांत उभें करण्यांत कोणती शिस्त आहे, हें मला शिक्षक असूनहि समजलें नाहीं. गणवेषाला माझा विरोध नाहीं. गरीब-श्रीमंत एका रंगांत दिसावेत हा त्याचा हेतु चांगलाच आहे. परंतु नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने डोकें, हात आणि पाय यांपुरती त्यांतून सूट द्यावी, एवढा ठराव कोणत्याहि शालेय समितीला एका बैठकींत करतां येईल. त्याला पैसा लागत नाहीं.

हा ठराव विशेषेंकरून मुलींसाठीं हवा. महाराष्ट्र शासनानें मानव विकास कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या, हें काम मोठें झालें. अनेकींचें शिक्षण त्या सायकलीमुळें टिकलें. २०२४ सालच्या फेब्रुवारींत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत असा आदेशहि निघाला. पण चौथीपर्यंतचीं मुलें गांवांतल्याच शाळेंत असतात. लांबच्या शाळेला सायकलनें जाणारीं पांचवीच्या पुढचीं, आणि त्यांची सकाळची शाळा अनेक ठिकाणीं सातलाच भरते. सायकल मिळाली, तिच्यावर बसणारीच्या हातांत कांहीं मिळालें नाहीं.

फिनलंडमध्यें औलू नांवाचें एक शहर आहे. उत्तर ध्रुववृत्त तेथून फारसें लांब नाहीं, आणि हिंवाळ्यांत पारा शून्याच्या वीस-वीस अंश खालीं जातो. तरी तेथील मुलें मोठ्या संख्येनें सायकलनें शाळेंत जातात. हिंवाळ्यांतील सायकल-प्रवासावर विचार करणारी पहिली जागतिक परिषद २०१३ सालीं त्याच शहरांत भरली होती. तेथें नगरपालिका सायकलच्या वाटांवरील बर्फाची नियमानें व्यवस्था लावते, वाटांवर दिवे आहेत, आणि मोटारीची वाट निराळी आहे. आमच्याकडे बर्फ नाहीं ही देवाची कृपा, पण वाटहि निराळी नाहीं व दिवाहि नाहीं. पोशाखाच्या बाबतींत मात्र त्यांच्यांत आणि आपल्यांत मोठेंसें अंतर नाहीं: पातळ थर, वाऱ्याला आडोसा, बोटांना झांकण. तेथील आई हें सर्व शाळेच्या पूर्ण संमतीनें करते, एवढेंच.

शेवटीं परतीच्या वाटेचें बोललें पाहिजे, कारण थंड देशांतील पुस्तकांत हा भाग आढळावयाचा नाहीं. सकाळीं सहाला ६ अंशांवर असलेला पारा आमच्याकडे दुपारीं एकला २८ अंशांपर्यंत चढतो. ज्या मुलीनें सकाळीं सात वस्तु अंगावर चढविल्या तिला दुपारीं त्या सातहि उतरवून घरीं न्यावयाच्या असतात. म्हणून एकच जाडजूड कोट शिवण्यापेक्षां हे लहान लहान तुकडे बरे. ते घडी होऊन दप्तराच्या वरच्या कप्प्यांत बसतात. गुडघ्यावरच्या बाह्या, कानटोपी व मोजे यांसाठीं एक छोटी कापडी पिशवी निराळी ठेवावी आणि ती कॅरिअरला बांधावी. ओली गंजी त्या पिशवींत कोंबूं नये; मधल्या सुटींत ती शाळेच्या कुंपणावर वाळत घालावी, तासाभरांत कडक वाळते. वर्तमानपत्राची घडी ओली नसेल तर दुसऱ्या दिवशींहि चालते. हातमोज्यांचें मात्र असें आहे कीं, जोडींतला एक हमखास हरवतो. त्यासाठीं दोन्हीं मोजे हातभर लांब सुतळीच्या दोन टोकांना शिवून टाकावेत आणि ती सुतळी सदऱ्याच्या आंतून, दोन्हीं बाह्यांतून ओवून घ्यावी. आमच्या शाळेंत ज्या वर्षीं हें केलें त्या वर्षीं फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ सर्व जोड्या शाबूत राहिल्या.